पावडर कोटिंगला देण्याआधी बुश काढा, बॉल जॉइंट काढा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या वाहन पुरवणीत जुनी गाडी पुन्हा नवी करण्याबद्दल जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला. गंज कुठून सुरू होतो, आधी कुठे बघायचं हे सगळं छान लिहिलंय, पण मध्येच एक वाक्य असं आहे की सस्पेन्शनचे पार्ट खोलून पावडर कोटिंगला देऊन टाका म्हणजे गंजाची कटकटच मिटली. बस, एवढंच. खोलून म्हणजे नक्की किती खोलून ते कुठेच नाही. माझं हे पत्र त्या "किती" साठीच आहे, जरा लांबलंय पण शक्य झालं तर पूर्ण छापा, कारण हा लेख वाचून कोणीतरी या आठवड्यात लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) काढून तसाच्या तसा भट्टीत पाठवणार आणि नंतर त्याच गाडीत घरच्यांना बसवून हायवेला लागणार.

मी सस्पेन्शनचंच काम करतो. बुश (धातूच्या नळ्यांमध्ये रबर असलेला सांधा) काढणं, बुश बसवणं, आर्म, लिंक रॉड, शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर), हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), दिवसभर हेच. पावडर कोटिंगच्या मी विरोधात अजिबात नाही, उलट नीट केलेलं पावडर कोटिंग साध्या स्प्रे पेंटच्या किती तरी पुढे टिकतं, खडे लागून उडत नाही, चिखल-पाणी सोसतं. प्रश्न भट्टीचा आहे. पावडर म्हणजे बारीक दळलेलं रेझिन आणि रंग, गनमधून निघताना त्याला विजेचा चार्ज मिळतो म्हणून ते अर्थिंग दिलेल्या पार्टला चिकटून बसतं, पण तेव्हा ती नुसती धूळ असते, बोट फिरवलं तर पुसली जाते. तिचा रंग होतो भट्टीत. नेहमीच्या पावडरला साधारण १८० ते २०० डिग्री सेल्सिअस लागतं, आणि तेही १० ते २० मिनिटं, आणि (हे नीट वाचा) हे तापमान हवेचं नाही, धातूचं. म्हणजे जाड पार्ट आधी तापायला वेळ घेणार, तो २०० ला पोचला की मग मिनिटं मोजायची. एकूण अर्धा-पाऊण तास सहज जातो भट्टीत.

आता सांगतो काय झालं ते. एक गृहस्थ गाडी घेऊन आले, तक्रार अशी की ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि खड्ड्यातून पुढून टकटक आवाज येतो. दोन महिन्यांपूर्वी सगळं पुढचं सस्पेन्शन पावडर कोटिंग करून घेतलं होतं. गाडी वर घेतली तर आर्म असे चकाचक काळे की बघत राहावं, एक ओरखडा नाही. मागच्या बुशमध्ये पहार घालून जरा रेटली तर आतली नळी सैल अंगठीसारखी इकडून तिकडे फिरली. रबर बाहेरच्या कवचापासून सगळीकडून सुटलेलं. प्रेसवर बाहेर काढलं तर बोटाला डांबरासारखं चिकटलं, काळा डाग दोन दिवस गेला नाही. बॉल जॉइंटचं (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळी आणि वाटीचा सांधा) तर विचारूच नका. चांगल्या बॉल जॉइंटची पिन हाताने हलवायला जोर लागतो, ती जिथे ठेवाल तिथे राहते. ही पिन आपल्याच वजनाने पडत होती. रबरी बूट वाळक्या पानासारखा तडकलेला. मी तो कापून उघडला, मालकांना दाखवायलाच उघडला, तर आतली पांढरी प्लास्टिकची वाटी एका बाजूला वितळून ओघळलेली आणि तशीच घट्ट झालेली, ग्रीसच्या जागी तपकिरी सुकलेला थर. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. बुशवर टेप लावून दिलं होतं असं म्हणाले. त्यांनी फसवणूक वगैरे काही केली नव्हती आणि कोटिंग करणाऱ्यानेही नाही, त्याने रंगाचं काम खरंच सुंदर केलं होतं, फक्त त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे भट्टीतून बाहेर येतो तेव्हा पार्ट आयुष्यात कधी नव्हता इतका सुंदर दिसतो. आत काय मेलंय ते त्या दिवशी कळतच नाही. बरेचदा रबर थंड झाल्यावर दाबून बघितलं तर ठीकच वाटतं, मग गाडीखाली बसवल्यावर रोजचा भार पडतो, पिळ पडतो आणि काही आठवड्यांनी सुटायला लागतं.

मला नेहमी एक जण तरी विचारतो, की रबर मुळात तापवूनच बनवतात ना, मग भट्टीने काय होतंय? प्रश्न चांगला आहे. सस्पेन्शनच्या बुशमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक रबर असतं, ते साच्यात साधारण १४० ते १६० डिग्रीला, मोजून मापून ठरलेला वेळ शिजवतात, गंधकाने त्याच्या साखळ्या एकमेकांत गुंतवायला. तेवढं झालं की थांबायचं असतं. त्याच्या वर आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं तर त्याच गाठी सुटायला लागतात, रबर मऊ आणि चिकट होतं, मग कडक होऊन तडकतं. वर ते रबर धातूच्या नळीला ज्या थराने चिकटवलेलं असतं तो थरही सुटतो. रोजच्या वापरात नैसर्गिक रबराने ७०-८० डिग्री सोसावं अशी अपेक्षा असते, त्याला आपण २०० मध्ये ठेवतोय. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टणक लागतात म्हणून लोकांना वाटतं ते चालतील, तेही नाही चालत, ते तर भट्टीत ठेवायचं मनातही आणू नका. आणि काही गाड्यांत आर्मच्या मागच्या बुशमध्ये आत द्रव भरलेला असतो, धक्के गिळायला, तो तापला की फुगून बुश फोडू शकतो.

बॉल जॉइंटमधली वाटी बहुधा ॲसिटल नावाच्या प्लास्टिकची असते आणि ते १६५ ते १७५ डिग्रीला वितळतं. पावडर पिकते त्याच्या आधीच ते गेलेलं असतं. साधं लिथियम ग्रीस १९० च्या आसपास तेलासारखं पातळ होऊन गळतं. स्टॅबिलायझर लिंकच्या दोन्ही टोकांना, टाय रॉड एंडला हीच रचना असते, म्हणून तेही भट्टीत नाही. ग्रीस गळून आजूबाजूच्या पावडरवर पसरलं की तिथे रंग धरत नाही, तो भाग माशाच्या डोळ्यांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो, म्हणजे पार्टही गेला आणि रंगही.

शॉकपबद्दल वेगळं लिहितो कारण इथे फक्त पार्टचं नुकसान नाही, माणूस मरू शकतो. गॅसच्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकपमध्ये नायट्रोजन २० ते ३० बार दाबाने भरलेला असतो, कारच्या टायरच्या साधारण दहापट. खोलीच्या तापमानावरून २०० डिग्रीला नेलं तर नुसत्या गॅसचाच दाब दीडपटीच्या वर जातो, त्यात आतलं तेल फुगतं आणि गॅसची जागा आणखी कमी करतं, म्हणजे दाब अजून वर. सील मऊ पडलेलं, रॉड गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. कमी दाबाचे, साधे तेलाचे शॉकपसुद्धा भट्टीत नकोत, त्यांच्यातही तेल आणि सील आहेच. शॉकपची बॉडी रंगवायचीच असेल तर दोनच रस्ते: ज्याला ते खोलून पुन्हा भरता येतं अशा माणसाकडून गॅस सोडून, पूर्ण रिकामं करून नुसती नळी कोटिंगला देणं, नाहीतर हवेत वाळणारा रंग. स्प्रिंग दाबून बसवलेला अख्खा स्ट्रट (शॉकप आणि स्प्रिंग एकत्र) तर कोणी भट्टीच्या जवळही आणू नये.

नुसती कॉइल स्प्रिंग मात्र भट्टीत जाऊ शकते. बनवणारे स्वतःच स्प्रिंगला फॉस्फेट करून वर एपॉक्सी पावडर लावतात. स्प्रिंगला बारीक छर्ऱ्यांचा मारा करून तिच्या पृष्ठभागात दाबाचा ताण भरलेला असतो, त्यामुळे ती लवकर थकत नाही, तडा जात नाही. २०० च्या आत थोडा वेळ याला काही होत नाही, पण अडीचशेच्या पुढे तापवत नेलं तर तो ताण सैल व्हायला लागतो. धोका रंगापेक्षा जुना रंग काढण्यात आहे. काही ठिकाणी जुना रंग जाळून काढायची भट्टी असते, ती ४०० च्या आसपास चालते, स्प्रिंग तिच्यात टाकायची नाही. आणि गंज काढायला ॲसिडमध्येही बुडवायची नाही, कडक स्टीलमध्ये ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि ती स्प्रिंग पुढे भाराखाली अचानक काच तुटावी तशी तुटते, आधी काही कळत नाही. स्प्रिंग फक्त ब्लास्टिंगने (हवेच्या दाबाने बारीक कण मारून) साफ करा, तेही हलक्या हाताने.

ॲल्युमिनियमच्या आर्मचं पण असंच आहे. हल्ली बऱ्याच गाड्यांत घडीव नाहीतर ओतीव ॲल्युमिनियमचे आर्म आणि नकल (ज्यात हब बसतो तो भाग) असतात, आणि त्यांची ताकद शेवटी १५५ ते १९० डिग्रीच्या दरम्यान काही तास ठेवून आणलेली असते. म्हणजे पावडरची भट्टी नेमकी त्याच पट्ट्यात आली. १८० ला वीस मिनिटं एकदा, ठीक आहे. पण रंग आवडला नाही म्हणून पुन्हा, मग दुसरा कोट, मग वरून क्लिअर, प्रत्येक वेळी भट्टी, आणि त्यातही कोणी घाईत २२० वर चढवली, तर ती ताकद हळूहळू उतरते. आणि जाळून रंग काढायच्या भट्टीत ॲल्युमिनियमचा आर्म गेला असेल तर तो मी तरी गाडीला लावणार नाही, वरून तो अगदी जसाच्या तसा दिसतो. त्यामुळे ॲल्युमिनियम असेल तर कमी तापमानात पिकणारी पावडर मागा, १५०-१६० वाली मिळते. आणि ती मिळाली म्हणून कोणी बुश ठेवायचं म्हणू नका, १५० सुद्धा रबराला आणि ग्रीसच्या सीलला जास्तच आहे.

आता तो टेपचा विषय. टेप, सिलिकॉनची बुचं, ॲल्युमिनियम फॉइल, ओलं फडकं गुंडाळणं, सगळं ऐकलंय मी. टेप पावडर अडवतो, उष्णता अडवत नाही. फॉइलने दोन-चार मिनिटं उशीर होईल इतकंच. ओल्या फडक्यातलं पाणी १०० ला उडून जातं, आणि जोपर्यंत ते ओलं आहे तोपर्यंत आजूबाजूचा धातू थंड राहणार म्हणजे तिथे पावडर कच्ची राहणार. म्हणजे बघा, बुशच्या कवचाला चिकटलेला धातू २०० ला पोचला नाही तर रंग पिकला नाही, आणि पोचला तर बुश भाजला. दोन्ही एकदम वाचवायचा कुठलाच रस्ता नाही. आणि भट्टीच्या आधी ब्लास्टिंग असतं हे विसरू नका, वाळूचे नाहीतर ऑक्साइडचे कण बूट फाडून बॉल जॉइंटमध्ये घुसले की भट्टीला काही करायला शिल्लकच राहत नाही.

मग करायचं काय, तर बुश प्रेसने काढायचे, बॉल जॉइंट बोल्टचा असेल तर खोलायचा, प्रेसचा असेल तर सर्क्लिप (अडकवलेली स्प्रिंगची कडी) काढून दाबून काढायचा, हबमधलं बेअरिंग काढायचं, ए-बी-एसचा सेन्सर आणि त्याची वायर काढायची (बेअरिंगच्या सीलवर चुंबकीय रिंग असते काही गाड्यांत, तीही जाते). ग्रीसचे निपल काढायचे. बंप स्टॉप, स्प्रिंगखालचं रबर, प्लास्टिकच्या क्लिपा, सगळं. बाइकच्या चिमट्याचंही (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) तेच, आतले बुश, नीडल बेअरिंग, सील, चेनखालची प्लास्टिकची पट्टी. नायलॉनवाले लॉकनट पुन्हा वापरायचे नाहीत, तसेही नवीनच लावायचे असतात.

एक गोष्ट काढतानाच करा, नंतर जमत नाही. काही बुशमध्ये रबराला खिडक्या असतात, त्या ठराविक दिशेलाच बसवायच्या असतात. आर्मवर खडूने खूण केली तर ब्लास्टिंगमध्ये ती जाते. म्हणून फोटो काढा आणि कागदावर आर्मचा आराखडा काढून खिडकी कुठे आहे ते लिहून ठेवा. एका आर्मवर मी स्वतः अर्धा दिवस घालवलाय जुने फोटो शोधत.

बुश काढले म्हणून काम संपलं नाही, कुठे पावडर नको ते कोटिंगवाल्याला दाखवून द्या. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉन असतो, दोन कोट झाले तर शंभरच्या वर. बुशच्या भोकात आत दोन्ही बाजूंना ८०-८० मायक्रॉन चढले तर भोक ०.१६ मिलिमीटरने लहान झालं, आणि प्रेस फिटचा (दाबून घट्ट बसवण्याचा) सगळा हिशोब मिलिमीटरच्या दहाव्या भागातच चालतो, मग बुश एक तर जाणार नाही नाहीतर रंग खरवडत वाकडा जाईल. भोकांना सिलिकॉनची बुचं, आट्यांनाही बुचं, सपाट जागांना तापमान सोसणारा हिरवा पॉलिएस्टर टेप, तो सव्वादोनशेच्या आत चालतो. नकलमध्ये बॉल जॉइंटची पिन जिथे बसते तो टेपर (निमुळतं भोक) पूर्ण कोरा हवा, तिथे रंगाचा थर राहिला तर पिन धातूवर बसतच नाही, थर हळूहळू दबतो आणि नट सैल पडतो. बोल्टच्या डोक्याखालच्या आणि वॉशरच्या जागेचंही असंच, ब्रेक कॅलिपरच्या आणि हबच्या बसण्याच्या जागेचंही. टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) बरोबर आवळलेला बोल्ट महिनाभरात ढिला झाला तर आधी तिथेच बघा.

कोटिंगच्या आधी तडे तपासून घ्या, हे मी कळकळीने सांगतो. ब्लास्टिंग झालं की धातू उघडा पडतो, तीच वेळ आहे डाय पेनिट्रंट मारून बघायची, लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरं डेव्हलपर मारायचं, तडा असेल तर लाल रेघ उमटते. जाड पावडरखाली तडाही लपतो आणि गंजाने खाऊन पातळ झालेली जागाही लपते. आर्म वाकलेला असेल तर तो बदला. पोकळ आर्म असेल तर त्यात पाणी किंवा जुनं तेल अडकलेलं नाही ना बघा, भट्टीत ते वाफ होऊन बाहेर येतं आणि रंग उकलतो. ओतीव पार्टमध्ये बारीक छिद्रं असतात, तो पावडर मारायच्या आधी एकदा नुसताच तापवून घेतला तर नंतर बुडबुडे कमी येतात.

भट्टीवाल्याला एकच प्रश्न विचारा, धातूचं तापमान कसं बघता? पार्टला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावत असेल किंवा तापमानाच्या पट्ट्या चिकटवत असेल तर माणूस नीट आहे. नुसती भट्टीच्या दारावरची डिजिटल पाटी बघत असेल तर पातळ ब्रॅकेट आणि जाड नकल एकाच खेपेत टाकू देऊ नका, एक करपेल आणि एक कच्चा राहील. कच्ची पावडर दिसायला चकचकीतच असते, पण पहिल्या खड्याला टवका उडतो आणि त्याखाली गंज पसरतो. चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमवर लेझरचा थर्मामीटर रोखून बघत असेल तर तेही चूक, तिथे तो खूप कमी दाखवतो.

ज्या आर्मला बॉल जॉइंट आणि बुश सुटे मिळतच नाहीत, म्हणजे सगळं एकत्रच येतं, त्याला पावडर नाही. तिथे दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, हवेतच वाळतो, सस्पेन्शनखाली चांगला टिकतो. बूट आणि बुश झाकून ब्रशने गंज साफ करा, तेलकटपणा पुसा आणि मारा. फक्त त्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट (श्वासातून अपाय करणारं रसायन) असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम पेंटरच्या बूथमध्येच होऊ द्या.

आणि परत बसवताना. नवीन बुश घालताना साबणाचं पाणी वापरा, इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, नैसर्गिक रबर त्याने फुगतं. प्रेसचा दाब बुशच्या बाहेरच्या कवचावर द्या. आर्मचे आतले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पूर्ण आवळू नका, चाकं जमिनीला टेकवून, गाडीचं वजन येऊ दे, मग टॉर्क द्या, नाहीतर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा कोरा बुश फाटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.

संपादक साहेब, पुढच्या रविवारच्या पुरवणीत, त्याच जागी, कृपया एवढं छापा: सस्पेन्शनचा पार्ट पावडर कोटिंगला देण्याआधी त्यातलं रबर, प्लास्टिक, ग्रीस, तेल, गॅस आणि बेअरिंग काढलेलं असलं पाहिजे, आणि ज्यांनी लेख वाचून पार्ट आधीच दिलेत त्यांनी आजच फोन करून ते भट्टीत गेलेत का विचारावं, गेले असतील तर गाडीला लावायच्या आधी सगळे बुश आणि बॉल जॉइंट नवीन टाकावेत, आणि शॉकप भट्टीत गेला असेल तर तो परत वापरूच नये.

आपला नियमित वाचक,
सस्पेन्शनचं काम करणारा एक मेकॅनिक